कोर्टानं बोललेलं ऐकलं नाही, लिहिलेलं वाचलं: मराठा आरक्षण, १०२ वी घटनादुरुस्ती आणि ५० टक्क्यांचा प्रश्न

माझा मामेभाऊ परभणीकडचा. २०१९ च्या पावसाळ्यात त्यानं एसईबीसीचा, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचा, दाखला काढला, सेतू केंद्रात तीन चकरा मारून, आणि आला की लगेच लॅमिनेशन करून घेतलं. मी म्हटलं अरे लॅमिनेट नको करू, पडताळणीला मूळ कागद मागतात, तर म्हणाला, दादा एवढ्या मोर्चांनंतर मिळालाय, भिजायला नको. ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला त्या दिवशी दुपारी त्याचा फोन. "दादा, म्हणजे कोर्ट म्हणतंय का आपण मागास नाही?" मी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवतो, त्यामुळं घरातल्या सगळ्यांना वाटतं की निकाल यायच्या आधीच मला पाठ असतो. निकाल पाचशेच्या वर पानांचा. मी म्हटलं दोन दिवस दे.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, आणि तेव्हापासून दर बॅचला मी हीच केस शिकवतो, कारण घटनादुरुस्ती म्हणजे काय, तिचा अर्थ कोण लावतं, हक्काला मर्यादा कुठून येते हे सगळं या एका प्रकरणात मिळतं आणि तेही आपल्या घरातलं. खटल्याचं नाव डॉ. जयश्री लक्ष्मणराव पाटील विरुद्ध मुख्यमंत्री. टीव्हीवर त्याचं एका वाक्यात "आरक्षण रद्द" झालं, पण आत दोन वेगळी भांडणं होती आणि दोन्हींचा स्कोअरही वेगळा. एकात ५-०, दुसऱ्यात ३-२. मुलं परीक्षेत हेच हमखास उलटं लिहून येतात.

मागचं पटकन सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. मंडल आयोगानं मराठ्यांना मागास धरलं नव्हतं, नंतर खत्री आयोग, बापट आयोग, तिथंही नकारच. २०१४ च्या जुलैत निवडणुकीच्या तोंडावर राणे समितीच्या अहवालावर १६ टक्क्यांचा अध्यादेश निघाला, नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टानं स्थगिती दिली. २०१६ ला कोपर्डीची घटना आणि मग औरंगाबादपासून मूक मोर्चे सुरू झाले, ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना वेगळं सांगायला नको. मग राज्य मागासवर्ग आयोग, न्यायमूर्ती म्हसे गेल्यावर न्यायमूर्ती गायकवाड अध्यक्ष, त्यांचा अहवाल १५ नोव्हेंबर २०१८ ला सरकारच्या हातात आणि ३० नोव्हेंबरला एसईबीसी कायदा लागू. शिक्षणात १६, नोकरीत १६.

आता हिशोब. महाराष्ट्रात आधीच अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, ओबीसी १९, भटके विमुक्त ११, विशेष मागास प्रवर्ग २. बेरीज ५२. म्हणजे कोर्टानं आरक्षणाला घातलेली ५० टक्क्यांची रेघ आपण मराठा आरक्षणाच्या आधीच ओलांडलेली होती, ही गोष्ट चर्चेत फार कुणी काढत नाही. त्यात १६ घातले की ६८.

इथपर्यंतची गोष्ट मुंबईतली. त्याच वर्षी दिल्लीत एक घटनादुरुस्ती झाली, जिच्याकडं आपल्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. राष्ट्रीय मागासवर्ग आयोग १९९३ पासून साध्या कायद्यानं चालत होता, त्याला घटनेत स्थान द्यायचं म्हणून १२३ वं विधेयक आणलं. पास झाल्यावर ती झाली १०२ वी दुरुस्ती. (विधेयकाचा नंबर आणि दुरुस्तीचा नंबर वेगळा असतो, यावरही मार्क जातात.) ऑगस्ट २०१८ मध्ये लागू झाली. आयोगाला दर्जा मिळतोय म्हटल्यावर सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. पण आयोगाच्या कलम ३३८बी बरोबर अजून दोन गोष्टी घटनेत आल्या, कलम ३४२ए आणि ३६६ मध्ये २६सी नावाची एक व्याख्या. सगळं रामायण या दोन ओळींवर घडलं.

३४२ए चा पहिला खंड साध्या भाषेत असा: राष्ट्रपती, राज्य असेल तर त्या राज्याच्या राज्यपालांशी विचारविनिमय करून, त्या राज्यातले सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग कोणते ते जाहीर करतील, आणि ते "या संविधानाच्या प्रयोजनार्थ" त्या राज्यापुरते मागास मानले जातील. दुसरा खंड म्हणतो, या अधिसूचनेतल्या "केंद्रीय सूची"त कुणाला घालायचं किंवा काढायचं ते संसद कायद्यानं करेल. आणि २६सी म्हणते, सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग म्हणजे ३४२ए खाली जे तसे मानले गेलेत ते.

परत एकदा वाचा. राज्य सरकारचा उल्लेख कुठं आहे? राज्यपालांशी फक्त विचारविनिमय. ऑगस्टमध्ये हे घटनेत आलं, आणि नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारनं आपल्या अधिकारात एक नवीन वर्ग मागास ठरवून टाकला. तीन महिन्यांचं अंतर. मी शिकवताना फळ्यावर या दोन तारखा एकाखाली एक लिहितो आणि गप्प बसतो, मागच्या बाकावरचं पण कुणीतरी "अरे बापरे" म्हणतंच.

हायकोर्टात हा मुद्दा निघाला होता. २७ जून २०१९ ला न्यायमूर्ती रणजित मोरे आणि भारती डांगरे यांनी कायदा टिकवला, टक्केवारी मात्र आयोगाच्या शिफारशीएवढी खाली आणली, शिक्षणात १२ आणि नोकरीत १३. ३४२ए बद्दल त्यांचं म्हणणं, ही फक्त केंद्राच्या यादीची गोष्ट आहे, राज्याचा अधिकार गेलेला नाही. माझ्या मामेभावाचा दाखला त्यानंतरच्या महिन्यातला.

सुप्रीम कोर्टात ९ सप्टेंबर २०२० ला तीन न्यायमूर्तींनी स्थगिती दिली आणि ३४२ए चा अर्थ हा घटनात्मक प्रश्न आहे म्हणून मोठ्या पीठाकडं पाठवला. मार्च २०२१ मध्ये पाच जणांचं घटनापीठ बसलं, अशोक भूषण, एल. नागेश्वर राव, एस. अब्दुल नझीर, हेमंत गुप्ता आणि एस. रवींद्र भट. कोविडचे दिवस, सुनावणी व्हिडिओवर. कोर्टानं सगळ्या राज्यांना नोटीस काढली कारण प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा राहिलाच नव्हता, आणि कितीतरी राज्यं येऊन म्हणाली की ५० चा पुन्हा विचार करा. महाराष्ट्राकडून मुकुल रोहतगी वगैरे. किती पिढ्या आरक्षण चालू ठेवणार असंही पीठानं सुनावणीत विचारलं, त्यावर आमच्याकडं चहाच्या टपरीवर आठवडाभर शिवीगाळ चालू होती.

पहिलं भांडण ५० टक्क्यांचं.

लोक सर्रास म्हणतात की ५० टक्के घटनेत कुठंच लिहिलेलं नाही, कोर्टानं मनानं काढलं. अर्धं खरं आहे. सुरुवात बघायची तर डॉ. आंबेडकरांचं ३० नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण, तिथं ते उदाहरण देतात की समजा आरक्षणाची बेरीज ७० टक्के झाली आणि ३० टक्केच मोकळ्या राहिल्या, तर याला समान संधी म्हणता येईल का, म्हणून आरक्षण हे अल्प जागांपुरतं हवं. आकडा त्यांनी ठरवून दिला नाही, फक्त दिशा दिली. १९६२ मध्ये म्हैसूरच्या बालाजी केसमध्ये मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या ६८ टक्के जागा राखीव होत्या, तेव्हा कोर्ट म्हणालं की ढोबळमानानं ५० च्या आत असावं. ढोबळमानानं, हा शब्द लक्षात ठेवा. मग १६ नोव्हेंबर १९९२, इंद्रा साहनी केस, नऊ न्यायमूर्ती, आणि तो ढोबळपणा संपला, ५० हा नियम झाला. त्यात एक खिडकी ठेवली, प्रसिद्ध परिच्छेद ८१०: दूरच्या, दुर्गम भागातले, राष्ट्रीय जीवनाच्या मुख्य प्रवाहाबाहेर राहिलेले लोक असतील तर थोडी सूट द्यावी लागेल, पण फार जपून.

महाराष्ट्राची सगळी बाजू त्या खिडकीतून आत शिरायची होती. गायकवाड आयोगानं गणित असं मांडलं: मराठा ३० टक्के, सगळे मागास मिळून ८५ टक्के, मग ८५ टक्के लोकांना ५० मध्ये कसं बसवणार, हीच असाधारण परिस्थिती. ऐकायला एकदम पटतं. पण कोर्टाचं उत्तर मला तरी तोडता आलं नाही अजून. मागास लोकसंख्या जास्त असणं ही गोष्ट १९९२ ला पण माहीत होतीच, मंडलनं ओबीसी ५२ टक्के सांगितले होते, तरीही २७ च दिले. लोकसंख्या मोठी ही असाधारण परिस्थिती असेल तर मग साधारण परिस्थिती कुठल्या राज्यात आहे? आणि परिच्छेद ८१० मधला माणूस मुख्य प्रवाहाच्या बाहेरचा आहे. आता मी स्वतः मराठा, माझ्या तालुक्याचा आमदार मराठा, साखर कारखान्याचा चेअरमन मराठा, मामाच्या गावचा सरपंच मराठा, आणि माझा मामा दोन एकर कोरडवाहूवर कर्जात. माझ्या मामाला कोर्टात कुणी उभंच केलं नाही, कोर्टात गेला तो चेअरमन. आयोगाच्या आकड्यांमध्ये दोघं एकाच रकान्यात.

आणि आयोगाच्याच तक्त्यानं घात केला. खुल्या प्रवर्गातून भरलेल्या सरकारी पदांमध्ये मराठा किती, तर अ वर्गात ३३.२३ टक्के, ब मध्ये २९.०३, क मध्ये ३७.०६, ड मध्ये ३६.५३. कोर्टानं हे आकडे उचलून म्हटलं की कलम १६(४) मध्ये शब्द "पुरेसं प्रतिनिधित्व" आहे, लोकसंख्येच्या प्रमाणात असं नाही, आणि हे पुरेसं नाही तर मग काय. म्हणजे मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर हेच, कोर्ट सरळसरळ म्हणालं की मराठा समाज मागास असल्याचं या अहवालातून दिसत नाही. मी त्याला हे फोनवर सांगितलं नाही, भेटल्यावर सांगितलं.

५० बद्दल पाचही जण एकमतानं, इंद्रा साहनी मोठ्या पीठाकडं पाठवायची गरज नाही, महाराष्ट्रात असाधारण परिस्थिती नाही. आता वर मी अर्धं खरं म्हटलं त्याचं राहिलेलं अर्धं. २००० साली ८१ वी घटनादुरुस्ती झाली, अनुशेषाच्या जागा पुढच्या वर्षी न्यायच्या म्हणून. त्यातून कलम १६(४बी) आलं आणि त्यात चक्क लिहिलंय की मागच्या वर्षांच्या रिकाम्या जागा त्या वर्षाच्या "पन्नास टक्के" मर्यादेत धरायच्या नाहीत. म्हणजे संसदेनं ५० ला बगल देण्यासाठी दुरुस्ती केली आणि करताना ५० हा आकडा स्वतःच्या हातानं घटनेत लिहून ठेवला. भूषण यांच्या निकालात हा मुद्दा आहे, या मर्यादेला आता घटनात्मक मान्यता मिळालीय असं ते म्हणतात. मुलांना हे सांगितलं की कुणाचाच विश्वास बसत नाही, घटना उघडून दाखवावी लागते.

तरीही मला एक गोष्ट खटकते. अनुशेषाच्या कलमात ओझरता आलेला आकडा म्हणजे त्या आकड्याला संसदेची संमती असं म्हणणं हे जरा ओढूनताणून आहे. १९९२ च्या नऊ जणांनी ५० च का, ४५ का नाही, ५५ का नाही, याचं उत्तर समतोल एवढंच दिलं होतं. २०२१ ला ते परत तपासायची संधी होती, तीस वर्षांचा अनुभव समोर होता. पाठवायला हवं होतं अकरा जणांकडं. मग तिथंही मराठा आरक्षण पडलं असतं कदाचित, पण निदान आकड्याचं कारण कळलं असतं.

आता दुसरं भांडण, माझं आवडतं.

३४२ए मुळं राज्यांचा अधिकार गेला का? महाराष्ट्र म्हणतं नाही गेला, हे तर झालंच. पण केंद्र सरकारचे ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल उभे राहिले आणि तेही म्हणाले नाही गेला. ज्यांनी दुरुस्ती लिहिली ते स्वतः येऊन सांगतायत की आमच्या मनात असं काही नव्हतं, ३४२ए फक्त केंद्राच्या नोकऱ्या आणि केंद्राच्या संस्थांसाठी. संसदेत मंत्र्यांनी तसं आश्वासन दिलेलं, राज्यसभेच्या प्रवर समितीच्या अहवालात तसं लिहिलेलं. काही सदस्यांनी शंका तेव्हाच काढली होती की बाबांनो राज्यांचं काय, तर सांगितलं गेलं की काळजी नको. घरात भांडण असतं तर इथंच मिटलं असतं, लिहिणारा आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो, दोघंही एकच अर्थ सांगतायत.

न्यायमूर्ती भूषण आणि नझीर यांना हे पटलं. संसदेचा हेतू काय होता ते समितीच्या अहवालातून, मंत्र्यांच्या भाषणातून दिसतंय, दुसऱ्या खंडात "केंद्रीय सूची" हे शब्द आहेत, म्हणजे पहिल्या खंडातली यादी पण केंद्राचीच, राज्याची वेगळी यादी शिल्लक राहते. हा युक्तिवाद हलका नाही. पंचवीसएक वर्षं दोन याद्या चालत आल्यात, केंद्राची वेगळी आणि राज्याची वेगळी, आणि एवढी जुनी व्यवस्था मोडायची असती तर संसदेत केवढा गोंधळ झाला असता, तो झाला नाही, म्हणजेच मोडायची नव्हती.

भट, राव आणि गुप्ता म्हणाले नाही. भट यांनी ३४२ए शेजारी कलम ३४१ आणि ३४२ ठेवली, अनुसूचित जाती आणि जमातींची. तिथं काय आहे? राष्ट्रपती राज्यपालांशी विचारविनिमय करून यादी जाहीर करतात, मग बदल फक्त संसद करते, आणि राज्याला त्यात एक नाव पण घालता येत नाही, हे सत्तर वर्षांत कुणी नाकारलेलं नाही. ३४२ए तोच साचा, जवळपास तेच शब्द, "या संविधानाच्या प्रयोजनार्थ" सकट. एकाच घटनेत त्याच शब्दांचा तिथं एक अर्थ आणि इथं दुसरा कसा? वर २६सी ची व्याख्या, ती तर संपूर्ण घटनेला लागू, म्हणजे १५(४) मध्ये सामाजिक आणि शैक्षणिक मागास असं जिथं येतं तिथंही. "केंद्रीय सूची" म्हणजे पहिल्या खंडातली अधिसूचना, बस, एकच यादी. शब्द स्पष्ट असतील तर भाषणं वाचायला जायचं कारण नाही. हेतू पोटात कितीही चांगला असला तरी कागदावर आला नाही तर कोर्टानं तो कुठून आणायचा.

इथं तीन जणांनी एक सोयही केली ती कुणी सांगत नाही. राज्याला वर्ग ठरवता येणार नाही, पण राष्ट्रपतींच्या यादीतल्या वर्गाला आरक्षण किती द्यायचं, कुठल्या सवलती द्यायच्या हे राज्यच ठरवेल. आणि नवीन यादी येईपर्यंत राज्यांच्या जुन्या याद्या चालू. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी देशभरातल्या ओबीसींचे दाखले हवेत गेले असते. १०२ वी दुरुस्तीच बेकायदा आहे, संघराज्याचा गाभा मोडते, अशीही एक याचिका होती, ती मात्र पाचही जणांनी फेटाळली. म्हणजे केशवानंद भारती केसमधलं मूलभूत संरचनेचं हत्यार (घटनेचा गाभा संसदेलाही मोडता येत नाही, हे तत्त्व) इथं चाललं नाही, वर्ग कुणी ठरवायचा हे बदललं म्हणून संघराज्य मोडत नाही.

मी कुणाच्या बाजूनं? आमच्या घरात हे बोलायची सोय नाही, पण तिघांच्या. मी वीस वर्षांच्या पोरांना सांगतो की उत्तरपत्रिकेत लिहिलेलंच तपासलं जातं, "सर मला असं म्हणायचं होतं" चालत नाही, आणि मग संसदेला कसं चालावं. एक छोटं वाक्य घालायचं होतं, की राज्यांच्या याद्यांवर याचा परिणाम होणार नाही. शंका निघाली होती, वेळ होता, समिती होती. घातलं नाही.

गंमत अशी की त्याच कोर्टानं त्याच दिवशी ५० च्या बाबतीत शब्दांच्या पलीकडचं तत्त्व धरलं आणि ३४२ए च्या बाबतीत तत्त्व बाजूला ठेवून शब्द धरले. वर्गात एका मुलीनं हे बरोबर पकडलं, सर दोन्ही वेळेस तोटा आपलाच कसा? मला उत्तर देता आलं नाही. तिचा प्रश्न तेवढा सोपा नाही पण, कारण शब्द न धरता हेतू धरला असता तरी ५० ची भिंत उभीच होती, दुसरं भांडण जिंकूनही कायदा पहिल्यातच गेला असता.

पुढचं फार वेगात झालं. केंद्रानं मे महिन्यातच फेरविचार याचिका केली, फक्त ३४२ए पुरती, ५० वर अवाक्षर नाही. १ जुलैला फेटाळल्याचं बाहेर आलं. मग १२७ वं विधेयक. ते पावसाळी अधिवेशन आठवत असेल तर पेगासस आणि शेती कायद्यांवरून रोज कामकाज बंद पडत होतं, पण हे विधेयक आलं आणि सगळे शहाण्या मुलांसारखे जागेवर बसले. १० ऑगस्टला लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य, ११ ला राज्यसभेत १८७ विरुद्ध शून्य. १८ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही. निकालापासून मोजलं तर बरोबर १०५ दिवस, आणि दुरुस्तीचा नंबर १०५. निव्वळ योगायोग, पण तारखा लक्षात ठेवायला बरा.

१०५ व्या दुरुस्तीनं काय केलं तर जे २०१८ ला तोंडानं सांगितलं होतं ते आता लिहिलं. केंद्रीय सूची म्हणजे केंद्र सरकारनं, केंद्र सरकारसाठी केलेली यादी, आणि तिसरा खंड, की राज्यं आपल्या कामासाठी कायद्यानं स्वतःची यादी करू शकतात, ती केंद्रापेक्षा वेगळी असू शकते. त्या वेळी लिहिलं असतं तर दोन ओळींत काम झालं असतं. चर्चेत विरोधकांतले बरेच जण म्हणाले की नुसता अधिकार परत देऊन काय उपयोग, ५० पण उठवा. सरकारनं त्याला हात लावला नाही. मतदानात मग कुणीच विरोध केला नाही.

त्यामुळं महाराष्ट्राकडं काय आलं? कुणाला मागास म्हणायचं हे ठरवायचा अधिकार. किती द्यायचं याची जागा नाही. आमच्याकडं याचे पेढे वाटले होते काही ठिकाणी, मी पण एक खाल्ला.

मग नोव्हेंबर २०२२ मध्ये अजून एक पान जोडलं गेलं. आर्थिक दुर्बलांच्या १० टक्क्यांची १०३ वी दुरुस्ती सुप्रीम कोर्टानं ३-२ नं टिकवली, आणि बहुमत म्हणालं की ५० ची मर्यादा काही लवचिक नाही असं नाही, शिवाय ती १५(४), १६(४) च्या आरक्षणापुरती आहे, हे १० टक्के त्यात मोडत नाहीत. दीड वर्षापूर्वी जी भिंत होती तिला दार निघालं, फक्त ते दार मागासांसाठी नव्हतं. विरोधी निकाल लिहिणारे रवींद्र भट, तेच २०२१ चे, सोबत सरन्यायाधीश लळित. मला भट यांचं एक आवडतं, दोन्ही वेळेस त्यांनी लोकांना काय आवडेल ते बघितलं नाही. मराठा मुलांना दरम्यान राज्य सरकारनं ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे याच आर्थिक दुर्बलांच्या कोट्यातून, अर्ज करायची मुभा दिली होती, त्यामुळं माझ्या मामेभावाकडं आता दुसरा दाखला आला. तो त्यानं लॅमिनेट केला नाही.

२० फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत विशेष अधिवेशन झालं, न्यायमूर्ती शुक्रे आयोगाच्या अहवालावर नवीन एसईबीसी कायदा, यावेळी १० आणि १०. अधिकाराचा प्रश्न आता नाही, ३४२ए चा तिसरा खंड पाठीशी आहे. बेरीज मात्र ५२ अधिक १० बरोबर ६२, ईडब्ल्यूएस धरलं तर ७२, आणि "असाधारण परिस्थिती" हे शब्द परत एकदा कागदावर आले. लगेच मुंबई हायकोर्टात आव्हान.

त्या आठवड्यात मामेभाऊ पुण्यात आला होता, पोलीस भरतीच्या फॉर्मसाठी. माझ्या टेबलावर घटनेचं पुस्तक होतं, त्यात ३४२ए चं पान मी दुमडून ठेवलेलं. त्यानं वाचलं, बोट ठेवून, तिसऱ्या खंडापर्यंत. म्हणाला, "यात राज्य आहे की." मी म्हटलं आहे आता. मग त्यानं पानं उलटून १६(४बी) काढायला लावलं मला, तिथंही बोट ठेवलं, पन्नास टक्के वाचलं, पुस्तक मिटलं आणि विचारलं की सेतू केंद्र शनिवारी किती वाजेपर्यंत चालू असतं.